विश्लेषण : पुण्यातील २० इंची दुर्बीण आणि विस्मृतीत गेलेले कावसजी नायगमवाला

एकेकाळी देशातील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात होती. ती उभारणाऱ्या खगोलज्ञाने ताऱ्यांचा प्रकाश डोळ्याने पाहण्याऐवजी नोंदवून ठेवण्याचा ध्यास घेतला. आज दुर्बिणीला कॅमेरा जोडू पाहणाऱ्या हौशी निरीक्षकांपुढे येणारे अनेक प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीही होतेच.

लोणंदच्या बाजारपेठेचे दिवे मागे टाकून थोडे बाहेर गेले, की हिवाळ्यातील रात्री मृग नक्षत्र स्पष्ट दिसते. मृगाच्या पोटातील बाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन ताऱ्यांच्या खाली एक धूसर ठिपका असतो. तो तारा नाही. तो वायूचा प्रचंड ढग आहे. अलीकडे अनेक तरुण आरशाची छोटी दुर्बीण घेतात आणि पहिला प्रयत्न याच ठिपक्याचे छायाचित्र काढण्याचा करतात. बऱ्याच जणांचा तिथेच हिरमोड होतो. डोळ्याने स्वच्छ दिसणारे दृश्य कॅमेऱ्यात फोकसच होत नाही.

याच ढगाच्या प्रकाशाचा अभ्यास लोणंदपासून काही तासांच्या अंतरावर, पुण्यात, १८९१ च्या सुमारास झाला होता. तो करणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे नाव आज खगोलप्रेमींच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला माहीत नाही.

नायगमवाला कोण होते?

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा, मुंबई इलाख्यातील पारशी समाजातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजशी त्यांचा संबंध विद्यार्थी आणि नंतर अध्यापक असा दोन्ही नात्यांनी आला. विषय होता भौतिकशास्त्र.

त्या काळात पुण्यात खगोलाची जाण असलेली माणसे नव्हती असे नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणिती होते. पण त्यांचा भर ग्रहगणित आणि पंचांग यांवर होता. ग्रह कुठे आहे आणि उद्या कुठे असेल, हा त्या शास्त्राचा मुख्य प्रश्न. नायगमवाला यांना पडलेला प्रश्न वेगळा होता. तारा कशाचा बनला आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

हा प्रश्न तेव्हा अगदी नवा होता. तारा हातात घेऊन प्रयोगशाळेत नेता येत नाही. पण त्याचा प्रकाश लोलकातून नेला, तर रंगांचा पट्टा मिळतो आणि त्या पट्ट्यात बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात. त्यामुळे रेषांच्या जागा मोजल्या की ताऱ्यातील द्रव्य ओळखता येते. याला वर्णपटशास्त्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तंत्राने खगोलशास्त्राची दिशाच बदलली.

पाच हजारांची देणगी वेधशाळेपर्यंत कशी पोहोचली?

सुरुवात एका प्रयोगशाळेच्या कल्पनेपासून झाली. १८८२ मध्ये भावनगर संस्थानाचे महाराजा तख्तसिंहजी यांनी एल्फिन्स्टन कॉलेजला पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली. हा पैसा वर्णपटाच्या अभ्यासासाठीच्या प्रयोगशाळेसाठी होता. तख्तसिंहजी शिक्षणाला मदत करणारे संस्थानिक होते. भावनगरचे सामळदास कॉलेज त्यांच्याच कारकिर्दीत, १८८५ मध्ये सुरू झाले.

इंग्लंडमधील तज्ज्ञांचा सल्ला घेतल्यानंतर नायगमवाला यांची योजना मोठी होत गेली. वर्णपट केवळ प्रयोगशाळेतील ज्वालेचा का घ्यायचा, सूर्याचा आणि ताऱ्यांचाही घ्यावा, असे ठरले. म्हणजे दुर्बीण आली आणि दुर्बीण आली म्हणजे चांगले आकाशही हवे. मुंबईची दमट हवा त्यासाठी योग्य नव्हती. त्यामुळे हा सारा बेत पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये हलला. आज सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच.

१८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि देणगीदाराच्या नावावरून तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव मिळाले. तिचे मुख्य उपकरण होते डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर व्यासाची परावर्तक दुर्बीण. माणसाच्या बाहुलीचा व्यास अंधारात सुमारे सात मिलिमीटर होतो. त्या हिशेबाने हा आरसा डोळ्यापेक्षा पाच हजार पटींहून अधिक प्रकाश गोळा करत असे. पुढील अनेक दशके भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

भिंगाऐवजी आरसाच का?

दुर्बिणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात प्रकाश भिंगातून जातो, दुसऱ्यात तो अंतर्वक्र आरशावरून परत फिरतो. भिंगाची अडचण अशी, की ते वेगवेगळे रंग थोड्या वेगवेगळ्या अंतरावर एकत्र आणते. डोळ्याला हा फरक चालून जातो. पण त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील होत्या. परिणामी डोळ्याने अचूक फोकस केलेले भिंग काचेवर धूसर प्रतिमा देत असे.

आरशात ही अडचण नाही. सर्व रंग एकाच जागी येतात. वर्णपटाचे काम आणि छायाचित्रण या दोन्हींसाठी त्यामुळे आरसा सोयीचा.

अर्थात आरशाचेही त्रास होते. काचेवर चांदीचा मुलामा दिलेला असे. दमट हवेत चांदी काळवंडते. मुलामा काढून पुन्हा चढवणे हे परावर्तक वापरणाऱ्या प्रत्येक वेधशाळेचे नेहमीचे काम होते. शिवाय आरसा किंचितही कलला, तरी प्रतिमा बिघडते.

आणखी एक बाब अभियांत्रिकीची. आकाश फिरताना दिसते ते पृथ्वी फिरते म्हणून. दुर्बिणीने ताऱ्याच्या मागे जायचे, तर तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा. म्हणजे तो जमिनीशी त्या गावाच्या अक्षांशाएवढा कोन करून उभा हवा. डब्लिनसाठी हा कोन ५३ अंशांहून अधिक, पुण्यासाठी साधारण साडेअठरा. मोठ्या दुर्बिणीचे बैठक-काम त्यामुळे गावागणिक वेगळे असते. ही गोष्ट या दुर्बिणीच्या पुढच्या प्रवासात पुन्हा येते.

हिरव्या रेषेचा वाद काय होता?

मृगातील ढगासारख्या तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. १८६४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी अशी रेषा प्रथम पाहिली. ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. त्या काळातील मोठे सूर्यअभ्यासक नॉर्मन लॉकियर यांचे मत होते, की ही मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची कड असावी. विश्वातील सगळ्या वस्तू उल्कांच्या थव्यांपासून बनल्या, या त्यांच्या सिद्धांताला हे मत पूरक होते. हगिन्स यांना ते मान्य नव्हते.

वाद साधा वाटला, तरी त्याचा निकाल एका बारीक निरीक्षणावर अवलंबून होता. पट्ट्याची कड असेल, तर रेषा एका बाजूने ठळक आणि दुसऱ्या बाजूने विरत गेलेली दिसेल. स्वतंत्र रेषा असेल, तर दोन्ही बाजूंनी रेखीव असेल.

नायगमवाला यांनी पुण्यातून ही रेषा तपासली आणि १८९१ मध्ये निष्कर्ष लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. त्यांना रेषा रेखीव दिसली. लॉकियर यांच्या मताला हे निरीक्षण पुष्टी देणारे नव्हते. लॉकियर यांचा शब्द तेव्हा फार मोठा होता, हे लक्षात घेतले तर या नोंदीचे महत्त्व कळते. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांची मोजमापेही लॉकियर यांच्या विरोधात गेली.

ती रेषा कशाची, याचे उत्तर मात्र १९२७ मध्ये मिळाले. अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी दाखवले, की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. अतिविरळ वायूतच ती उमटते, म्हणून प्रयोगशाळेत कुणाला सापडली नव्हती.

डोळ्याऐवजी कॅमेरा का हवा होता?

या वादाने एक मूलभूत अडचण समोर आणली. एका निरीक्षकाला रेषा रेखीव दिसली, दुसऱ्याला विरलेली दिसली, तर खरे कुणाचे? डोळ्याने पाहिलेले दृश्य दुसऱ्याला दाखवता येत नाही. छायाचित्राची काच मात्र टेबलावर ठेवून कुणालाही मोजता येते, दहा वर्षांनीही.

दुसरे कारण वेळेचे. डोळा प्रकाश साठवत नाही. तासभर पाहिले तरी अंधूक तारा तेवढाच अंधूक राहतो. काच मात्र प्रकाश साठवत जाते. १८८० मध्ये अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने घेतलेल्या छायाचित्रात डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले. त्या छायाचित्राने यापुढे आकाश काचेवर नोंदवले जाणार, हे स्पष्ट केले.

दुर्बिणीला कॅमेरा लावताना काय बदलावे लागे?

वरवर पाहता आयपीस काढायचा आणि तिथे काच बसवायची, एवढेच काम. प्रत्यक्षात जवळपास सगळीच दुर्बीण पुन्हा तपासावी लागे.

पहिला प्रश्न फोकसचा. काच आरशाच्या नाभीवर अगदी अचूक बसायला हवी. रात्री थंडी वाढली की नळी आकसते आणि ही जागा सरकते.

दुसरा प्रश्न मागोव्याचा. वजनावर चालणारे घड्याळी यंत्र दुर्बीण फिरवत असे, पण त्याची गती तंतोतंत नसे. डोळ्याने पाहताना थोडा धक्का चालतो, काचेवर मात्र ताऱ्याची रेघ उमटते. कॉमन यांनी यावर नामी उपाय काढला. त्यांनी संपूर्ण दुर्बीण हलवण्याऐवजी काचेची चौकटच दोन स्क्रूंवर सरकती केली. चौकटीच्या कडेला छोटा आयपीस बसवला. निरीक्षक त्यातून कडेच्या एका ताऱ्यावर नजर ठेवी आणि तारा हलला की स्क्रू फिरवून काच त्याच्याबरोबर नेई. आज हेच काम संगणकाला जोडलेला छोटा कॅमेरा करतो.

तिसरा प्रश्न बैठकीच्या ताठरपणाचा. कॉमन यांची ३६ इंची दुर्बीण पुढे एडवर्ड क्रॉसली यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती १८९५ मध्ये लिक वेधशाळेला दिली. इंग्लंडच्या अक्षांशासाठी बनवलेली बैठक कॅलिफोर्नियात चालेना. १८९८ मध्ये संचालक झालेल्या कीलर यांनी तिचा खांब छाटून बुटका केला आणि मागोव्याच्या यंत्रणेत सुधारणा केल्या. नंतर घेतलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी अंदाज बांधला, की या दुर्बिणीच्या टप्प्यात सुमारे एक लाख २० हजार नवे तेजोमेघ असावेत. त्यातील बहुतेक स्वतंत्र दीर्घिका होत्या, हे नंतर कळले. आरसा तोच राहिला होता. बदल झाला होता तो बैठकीत आणि मागच्या टोकाला.

जेऊरला १८९८ मध्ये काय घडले?

नायगमवाला यांच्या कारकिर्दीतील मोठा क्षण आला तो पुण्याबाहेर. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून महाराष्ट्रात शिरली, कराड परिसरावरून ईशान्येकडे सरकली आणि सोलापूर जिल्हा ओलांडून विदर्भाकडे गेली. लोणंद सावलीच्या मध्यरेषेच्या उत्तरेला राहिले. तिथूनही त्या दुपारी सूर्याचा बहुतांश भाग झाकलेला दिसला असणार.

मध्यरेषेच्या जवळ रेल्वे स्थानक असलेले गाव म्हणजे करमाळा तालुक्यातील जेऊर. लोणंदपासून ते सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर पूर्वेला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातही एक जेऊर आहे, पण ग्रहणाचे जेऊर ते नव्हे. लोखंडी बैठका, काचेच्या पेट्या आणि लोलक न्यायचे तर रेल्वे हवीच. त्यामुळे परदेशी पथकांनीही जेऊरला तळ ठोकला. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथ यांच्यासह तिथे आले होते. हेच कॅम्पबेल पुढे १९२२ च्या ग्रहणात ऑस्ट्रेलियातून आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताची कसोटी घेणार होते.

काळ कठीण होता. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आणि त्याच्या बंदोबस्तातील जुलूम यांनी शहर ढवळून निघाले होते, त्याच वर्षी जूनमध्ये रँडची हत्या झाली होती. अशा वातावरणात नायगमवाला यांनी पुण्याहून पथक नेले. ग्रहणासाठी जमलेल्या युरोपीय, अमेरिकी पथकांत भारतीय खगोलज्ञाच्या नेतृत्वाखालील हे पथक होते.

हाताशी वेळ होता जेमतेम दोन मिनिटे. ग्रहणात सूर्याची तबकडी पूर्ण झाकण्याच्या क्षणी तिच्या कडेचा पातळ थर एक-दोन सेकंद उघडा राहतो. त्याचा वर्णपट अचानक असंख्य चमकदार रेषांनी उजळतो आणि लगेच विझतो. याला फ्लॅश स्पेक्ट्रम म्हणतात. सूर्याच्या वातावरणाची रचना त्यातून कळते. डोळ्याने एवढ्या वेळात एक रेषाही नीट मोजता येत नाही. हे काम केवळ कॅमेऱ्याचे.

अशा मोहिमेत कवायतीला फार महत्त्व असे. एक जण सेकंद मोठ्याने मोजतो, दुसरा झाकण उघडतो, तिसरा काच बदलतो. अंधार पडल्यावर कुणी वर पाहत राहिला, तर काच वाया जाते. नायगमवाला यांनी फ्लॅश स्पेक्ट्रम आणि सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाची नोंद घेतली. त्याचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मोठे उपकरणच जिंकते असेही नाही, हे त्याच ग्रहणाने दाखवले. विदर्भातील तळणी येथे आलेल्या ॲनी माँडर यांनी स्वतःच्या छोट्या भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा दूरवर गेलेला झोत टिपला. मोठ्या दुर्बिणींच्या अरुंद दृष्टिक्षेत्रात तो मावणाराच नव्हता.

विजयदुर्ग आणि हेलियमच्या गोष्टीत तथ्य किती?

या ग्रहणाशी महाराष्ट्रातील एक लोकप्रिय समज जोडलेला आहे. लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरते. किल्ल्यावरचे चौथरे 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवले जातात.

वस्तुस्थिती अशी, की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणावेळी लॉकियर भारतात नव्हते. ते ग्रहण फ्रान्सचे पिअर जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, सूर्यज्वालांचा वर्णपट घेतला. त्यातील पिवळ्या रेषेवरून हेलियमची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांना.

लॉकियर विजयदुर्गला आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी. 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीला होते. म्हणजे ओटे खरे, साहेबही खरा, फक्त वर्ष आणि शोध यांची सरमिसळ झाली. दुर्दैव असे, की त्याच सावलीखाली जेऊरला काम करणाऱ्या पुण्याच्या खगोलज्ञाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

वेधशाळा बंद का झाली?

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर महाराजा तख्तसिंहजी वेधशाळाही बंद झाली. उपकरणे तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेकडे पाठवण्यात आली.

सरकारच्या दृष्टीने पर्याय तयार होता. कोडाईकनालची सूर्यवेधशाळा नव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली होती. १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी तिथून सूर्यडागांतील वायूच्या प्रवाहाचा शोध लावला आणि ती जगभर ओळखली जाऊ लागली. एका इलाख्यातील कॉलेजची वेधशाळा वेगळी चालवण्याचे कारण उरले नव्हते. इकडे पुण्याचे कॉलेज ऑफ सायन्सही १९११ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय बनले होते.

पण खरे दुखणे आणखी खोल होते. वेधशाळा एका माणसाच्या ध्यासावर उभी होती. देणगीतून इमारत झाली, दुर्बीण आली, पण नायगमवाला यांच्यानंतर ती चालवणारी पुढची फळी तयार झाली नाही. त्यांनी वर्णपटाच्या नोंदी जपल्या, पण त्या पुढे नेणारे हात संस्थेने घडवले नाहीत. नायगमवाला १९३८ मध्ये वारले, तेव्हा वेधशाळा बंद होऊन २६ वर्षे झाली होती.

दुर्बीण पुढे कुठे गेली?

कोडाईकनालमध्ये ती भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथले मुख्य काम सूर्याचे. मोठा आरसा लागतो तो अंधूक ताऱ्यांसाठी. त्यामुळे तिला पुण्यातल्यासारखे मध्यवर्ती स्थान तिथे नव्हते.

१९८० च्या दशकात मात्र तिला नवे काम मिळाले. भारतीय ताराभौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ हिमालयात मोठ्या दुर्बिणीसाठी जागा शोधत होते. आकाश किती स्थिर आहे, हे तपासण्यासाठी सुधारित भावनगर दुर्बीण लडाखमध्ये लेह परिसरात नेण्यात आली. कोडाईकनालचा अक्षांश सुमारे १० अंश, लेहचा सुमारे ३४. म्हणजे ज्या दुर्बिणीचा अक्ष पुण्यात साडेअठरा अंशांवर होता, तिची मांडणी दोनदा नव्याने करावी लागली. लडाखमधील शोधातून अखेर हानले हे ठिकाण निवडले गेले. तिथे आता दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे.

पुण्यालाही मोठी दुर्बीण परत मिळाली, पण त्यासाठी जवळपास शतक जावे लागले. जुन्नरजवळ गिरवली येथे आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्या मागच्या टोकाला कॅमेरा आणि वर्णपटमापक यांचे एकत्रित उपकरण बसवलेले आहे. नायगमवाला यांना नेमके हेच करायचे होते.

आज घरच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा तर?

सुरुवातीचा प्रश्न इथे परत येतो. बाजारात मिळणाऱ्या न्यूटन पद्धतीच्या अनेक दुर्बिणी डोळ्यासाठी बनवलेल्या असतात. प्रकाशाची नाभी नळीच्या बाहेर थोड्याच अंतरावर येते. डीएसएलआर कॅमेऱ्यात सेन्सर मात्र भिंगाच्या कडीपासून साधारण साडेचार सेंटिमीटर आत असतो. वर जोडणीची कडी. त्यामुळे फोकसर पूर्ण आत नेला तरी सेन्सर नाभीपर्यंत पोहोचत नाही.

यावर चार मार्ग आहेत.

१) सर्वांत सोपा म्हणजे बार्लो भिंग. ते नाभी बाहेर ढकलते. पण प्रतिमा मोठी आणि मंद होते. चंद्रासाठी ठीक, तेजोमेघासाठी गैरसोयीचे.

२) आयपीसमागे मोबाइल धरणारी पकड लावणे. खर्च कमी, चंद्र आणि ग्रहांची चांगली छायाचित्रे मिळतात.

३) उंच फोकसर काढून बुटका बसवणे.

४) मुख्य आरसाच नळीत वर सरकवणे. लांब बोल्ट लावून आरसा तीन सेंटिमीटर वर घेतला, की नाभीही तेवढीच बाहेर येते.

चौथा मार्ग पक्का, पण त्यात एक मेख आहे. १५० मिलिमीटर व्यासाचा आणि ७५० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा घेतला, तर प्रकाशाचा शंकू दर पाच मिलिमीटरला एक मिलिमीटर निमुळता होतो. छोटा तिरका आरसा नाभीपासून २०० मिलिमीटरवर असेल, तर तिथे शंकूची रुंदी ४० मिलिमीटर असते. मुख्य आरसा ३० मिलिमीटर वर घेतला, की ती ४६ होते. छोटा आरसा त्याहून लहान असेल, तर कडेचा प्रकाश वाया जातो. म्हणून आधी माप, मग पाना. बदल केल्यावर दोन्ही आरशांची जुळणी नव्याने करावी लागते आणि कॅमेऱ्याच्या वजनाने बिघडलेला तोलही सावरावा लागतो.

मागोव्याचे गणितही तसेच. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते. ७५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत सेन्सरवर ते सुमारे ५५ मायक्रॉन होते. चार मायक्रॉनच्या पिक्सेलवर, एका सेकंदात ताऱ्याची रेघ तेरा-चौदा पिक्सेल लांब उमटू शकते. चंद्र तेजस्वी असल्याने सेकंदाच्या छोट्या अंशात काम होते. ७५० मिलिमीटरला त्याची प्रतिमा जेमतेम सात मिलिमीटरची पडते आणि साध्या डीएसएलआरच्या सेन्सरवर सहज मावते. मृगातील तेजोमेघासाठी मात्र मोटरवर चालणारी, ध्रुवताऱ्याच्या दिशेने कललेली बैठक लागतेच. लोणंदच्या अक्षांशाला हा कल साधारण १८ अंश. पुण्यात ग्रब यांच्या दुर्बिणीचा अक्ष जवळपास याच कोनात होता.

एक सूचना सर्वांत महत्त्वाची. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर योग्य सौर फिल्टर बसवल्याशिवाय ती सूर्याकडे कधीही वळवू नये. डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो, कॅमेराही जळतो.

मागे काय उरले?

पुण्यातील वेधशाळा राहिली नाही. दुर्बीणही पुण्यात नाही. उरले ते नोंदवलेले काम. १८९१ चा लंडनमध्ये छापलेला निष्कर्ष आणि जेऊरच्या ग्रहणाचा १९०२ चा अहवाल आजही वाचता येतो. कोडाईकनालने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जपलेल्या सूर्याच्या हजारो काचा आता डिजिटल रूपात जगभरचे संशोधक वापरतात. त्या घेणारे लोक गेले, पण काचांवरील सूर्यडाग मोजता येतात.

नायगमवाला यांची गोष्ट म्हणूनच दोन बाजूंनी वाचावी लागते. निरीक्षण नोंदवले तर ते निरीक्षकापेक्षा जास्त जगते, ही एक बाजू. आणि संस्था एका माणसावर उभी केली तर ती त्याच्या निवृत्तीच्या दिवशी संपते, ही दुसरी. आज शाळा-महाविद्यालयांत देणग्यांतून दुर्बिणी येतात. पहिल्या ग्रहणानंतर त्यांवर झाकण पडते आणि पुढे आरशावर धूळ साचत राहते. दुर्बिणीसोबत नोंदवही आणि ती पुढे चालवणारे दोन विद्यार्थी तयार झाले, तर तिचा उपयोग घेणाऱ्या शिक्षकाच्या बदलीनंतरही सुरू राहील.